उत्तरायण २१ डिसेंबरला की संक्रांतीला?

प्रश्न असा आहे: कॅलेंडरात २१-२२ डिसेंबरच्या चौकटीत 'उत्तरायणारंभ' छापलेलं असतं, घरात मात्र संक्रांतीपासून उत्तरायण धरतात. खरं कोणतं? आणि उत्तरायणात 'ण', तर दक्षिणायनात 'न' का?

शुद्धलेखनाचं आधी उरकतो. मूळ शब्द 'अयन', म्हणजे जाणं. संस्कृतात 'र' किंवा 'ष'नंतर येणाऱ्या 'न'चा 'ण' होतो; मध्ये स्वर, य, व, ह किंवा क-वर्ग, प-वर्गातलं अक्षर आलं तरी चालतं. म्हणून रामायण, नारायण, उत्तरायण. दक्षिणायनात 'क्ष'मधला 'ष' आहे, पण 'दक्षिण'मधलाच 'ण' वाटेत आडवा येतो आणि ट-वर्गाला ही सवलत नाही. तेव्हा 'दक्षिणायण' लिहू नये.

आता तारखेचं. उत्तरायण म्हटलं की सूर्य उत्तरेला असणार असं वाटतं. पण अयन ही चाल आहे, मुक्काम नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे दक्षिणेच्या टोकाला असतो. मुंबईत त्या दिवशी तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. तिथून तो परततो, म्हणून उत्तरायण. मार्चच्या संपातापर्यंत, म्हणजे दिवस-रात्र सारखे होईपर्यंत, तो विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच असतो. मुक्कामासाठी पंचांगात वेगळा शब्द आहे, 'गोल': जानेवारीत अयन उत्तर, पण गोल दक्षिण.

ही सगळी चाल अर्थात आपल्याला दिसणारी. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, त्यामुळे पुण्यात डिसेंबरातला माध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४८ अंश चढतो आणि मे महिन्यात थेट डोक्यावर येतो. ऋतू होतात ते यामुळे. सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते हे तर उलटंच, कारण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.

मग संक्रांत? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून परततो ती जागा, ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. ज्योतिषी वराहमिहिराच्या आधीच्या परंपरेत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्रापासून होतं. त्यानं सहाव्या शतकात ते मकर राशीच्या आरंभी येत असल्याचं नोंदवलं. तेव्हा मकरसंक्रमण, म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि उत्तरायण जवळजवळ एकत्रच होते. पुढे आकाश सरकलं, सण ताऱ्यांना बांधलेला राहिला. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आता ती १४-१५ला येते. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभच वेगळा धरतं, म्हणून ते पाळणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला होऊनही जाते.

तरी संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, हे अगदीच हवेतलं नाही. मुंबईत २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात दिवस सात-आठ मिनिटांनीच वाढतो. गंमत म्हणजे सकाळ या काळात उलट उशिरा होत जाते, सगळी वाढ संध्याकाळच्या वाट्याला येते. जानेवारीच्या मध्यानंतर सूर्योदयही लवकर होऊ लागतो, आणि मग वाढ दोन्हीकडून जाणवते.

लिहिताना मी खगोलाच्या संदर्भात 'उत्तरायण' २१-२२ डिसेंबरलाच वापरतो आणि सणाला नुसतं 'संक्रांत' म्हणतो. 'हिवाळी संपात' मात्र टाळावं. संपात मार्च-सप्टेंबरचे, डिसेंबर-जूनचे ते अयनदिन.