गॅलेक्सीवर केलेलं आरएनए-सेक ॲनालिसिस चालतं का, की आधी आर शिकायलाच हवं?

तुम्ही एमएस्सी करताय, कोडिंग येत नाही, आणि सिनिअर म्हणतात ‘गॅलेक्सी म्हणजे नुसता क्लिक-क्लिकचा खेळ’. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि डबा बाजूला ठेवून लिहायला बसले. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: आरएनए-सेक म्हणजे कुठले जीन्स किती चालू आहेत ते मोजणं, आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा, आणि गॅलेक्सी म्हणजे कोड न लिहिता ब्राउझरमध्ये असं ॲनालिसिस करू देणारी वेबसाइट.

पीएचडीला असताना पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये हेच ऐकत होते. एक सिनिअर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. आर त्यांना उत्तम यायचं, ते नाकारत नाही. माझ्या डेटावर डीसेक-२ (कुठल्या जीन्सची पातळी बदलली ते शोधणारं आरमधलं पॅकेज) त्यांनीच चालवून दिलं. मेथड्समध्ये लिहायला मी व्हर्जन विचारलं, तर म्हणाले, “अगं, व्हर्जनने बायोलॉजी बदलते का?” सगळे हसले. गाइड समोर होते, म्हणून मीही हसले.

पेपर पाठवला. आठ महिन्यांनी रिव्ह्यूअरने एक सॅम्पल वगळून पुन्हा ॲनालिसिस मागितलं. तोवर दादा पोस्टडॉकला परदेशी गेलेले आणि लॅबचा जुना पीसी फॉरमॅट झालेला. स्क्रिप्ट होती माझ्याकडे. आधी जुनेच निकाल येतात का बघावं म्हणून काही न बदलता ती माझ्या लॅपटॉपवर चालवली, तर जीन्सची यादी भलतीच लांब आली. ज्या जीनवर आम्ही क्यूपीसीआर (एकेका जीनची पातळी मोजणारी चाचणी) करून बसलो होतो, तो दुसऱ्या नंबरवरून थेट चाळिशीत. वर कोण, तर ज्यांचे रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे, हाताच्या बोटांवर मोजावेत असे जीन्स.

तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होते. काउंट्स, म्हणजे प्रत्येक जीनचे रीड्स, पुन्हा मोजले, सॅम्पलची नावं चार वेळा तपासली. शेवटी रिलीज नोट्स वाचल्या. डीसेक-२ पूर्वी फोल्ड चेंज (जीनची पातळी किती पट बदलली तो आकडा) आपणहून आकुंचित करायचं, म्हणजे कमी रीड्सच्या जीन्सचे फुगलेले आकडे दाबायचं. 2017 च्या 1.16 व्हर्जनपासून ते आपोआप होणं बंद झालं, हवं तर वेगळी कमांड द्यायची. लॅबच्या पीसीवर त्याआधीचं होतं. ते जुनं व्हर्जन टाकल्यावर यादी जशीच्या तशी जुळली. बायोलॉजी नव्हती बदलली, दादा, यादी बदलली होती. त्यांना मेल केली, तर उत्तर आलं, ‘ओह, इंटरेस्टिंग.’

आणि क्लिकला नावं ठेवणाऱ्या याच माणसाने अंतिम यादी एक्सेलमध्ये दिली होती. त्यात मार्च-१ नावाच्या जीनची तारीख झालेली, 1 मार्च! ही चूक इतकी सर्रास होते की 2020 मध्ये जीन्सची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जीन्सची नावंच बदलली.

गॅलेक्सीकडे मी वळले ती त्यानंतर. 2021 च्या फेब्रुवारीत त्यांचं पाच दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं, जगभरातून लोक, फी शून्य. व्हिडिओ आपल्या सवडीने बघायचे, अडलं की चॅटवर विचारायचं. माझा अगदी बावळट प्रश्न होता, रीड्स मोजणाऱ्या फीचरकाउंट्स टूलमध्ये स्ट्रँड (डीएनएचा कुठला धागा) चुकीचा निवडल्यामुळे निम्म्याहून जास्त रीड्स गायब झाले होते. कुणीही हसलं नाही. माशीच्या पसिला जीनचा सात सॅम्पलचा डेटा घेऊन केलेला त्या प्रशिक्षणातला धडा अजून साइटवर फुकट आहे. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

खेळ म्हणणाऱ्यांनी गॅलेक्सीतली हिस्टरी एकदा उघडून बघावी. कुठलं टूल, त्याचं कुठलं व्हर्जन, कुठला पॅरामीटर, सगळं आपोआप नोंदलेलं असतं. त्यातून वर्कफ्लो, म्हणजे पुन्हा चालवता येणारी पायऱ्यांची साखळी, काढता येतो, रिव्ह्यूअरला नुसती लिंक देता येते. दादांच्या स्क्रिप्टमध्ये व्हर्जनची एक ओळ नव्हती. sessionInfo ही व्हर्जन्स दाखवणारी आरची कमांड लिहायला दहा सेकंद लागतात, पण ते लिहिणं कमीपणाचं वाटायचं ना!

आर शिकावं का? शिका की. आलेख हवे तसे काढायला लागतंच, आणि मीही आता निम्मं काम आरमध्येच करते, व्हर्जन नोंदवून. पण आधी आर, मग डेटा, असा हट्ट धरलात तर एमएस्सी संपेल.

हो, आणखी एक. रुग्णांचा डेटा असेल तर पब्लिक सर्व्हरवर चढवू नका, आधी गाइड आणि एथिक्स कमिटीला विचारा. कोटा साधारण 250 जीबी मिळतो, बिनकामाच्या बॅम फायली (जीनोमशी जुळवलेल्या रीड्सच्या मोठ्या फायली) वेळच्या वेळी पुसा. रांगेत जॉब तासन्‌तास अडकतो कधीकधी. आणि कंट्रोल-ट्रीटेडची अदलाबदल तुम्हीच केलीत, तर गॅलेक्सी ती चूकही इमानेइतबारे नोंदवून ठेवेल.

सिनिअरांशी वाद घालू नका. त्यांच्याच दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कामातली एखादी यादी नव्या लॅपटॉपवर पुन्हा काढून दाखवायला सांगा. शिकायचंय म्हणून सांगा, आदराने.