ट्रेडवर वाद घालण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न सरळ आहे: बेसबॉलमध्ये ट्रेड (दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल) जाहीर झाला की कोण जिंकलं आणि कोण गंडलं, हे कसं ठरवायचं? त्या रात्री तरी ठरवू नकोस. त्या रात्री फक्त हिशेब मांड, कुणी काय दिलं आणि काय घेतलं. बहुतेक वाद पेटतात ते हा हिशेब कुणी मांडलेलाच नसतो म्हणून.

इकडचा एक तिकडे, तिकडचे तिघे इकडे, असा ट्रेड दिसतो खरा. पण टीम एकमेकींशी सौदा करतात तो वर्षांचा. खेळाडू किती चांगला, हा अर्धा प्रश्न झाला. तो आपल्याकडे किती वर्षं राहणार आणि त्या वर्षांना पगार किती पडणार, हा उरलेला अर्धा. भांडणात नेमका हाच अर्धा गायब असतो.

आधी त्यामागचा नियम पक्का कर. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या, रोस्टरवर (टीमच्या खेळाडूंच्या यादीत) १७२ दिवस भरले की सर्व्हिस टाइमचं एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं झाली आणि लांबचा करार झालेला नसला, की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात. २०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन आर्बिट्रेशनची, म्हणजे एकमत झालं नाही तर लवाद पगार ठरवतो ती. त्यात पगार दरवर्षी चढतो, पण साधारणपणे बाजारभावाच्या खालीच राहतो. काही जण दोन वर्षं आणि काही महिन्यांतच आर्बिट्रेशनला पोचतात, त्यांना सुपर टू म्हणतात. हिशेब करताना त्यांच्याकडे लक्ष असू दे, कारण त्यांचा पगार एक वर्ष आधीच चढायला लागतो.

सीझन १८७ दिवसांच्या आसपास असतो. म्हणजे तयार पोराला पहिले दोन-सव्वादोन आठवडे मायनर लीगमध्ये (खेळाडू घडवणाऱ्या खालच्या लीगमध्ये) बसवून ठेवलं की १७२ भरत नाहीत आणि टीमच्या पदरात सातवं वर्ष पडतं. क्रिस ब्रायंटला शिकागो कब्सनी १७ एप्रिल २०१५ ला वर बोलावलं. सीझनअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी! त्याने दाद मागितली, २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि तो फ्री एजंट झाला २०२१ नंतर. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२२ च्या करारात यावर थोडी तोड निघाली: रूकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला आता पूर्ण वर्ष मिळतं. पळवाट अरुंद झाली, बुजली नाही.

आता एक ट्रेड पूर्ण उलगडून बघू. २ ऑगस्ट २०२२ ला वॉशिंग्टन नॅशनल्सनी हुआन सोटो आणि जॉश बेल सॅन डिएगो पाद्रेसना दिले. सोटो २३ वर्षांचा होता आणि त्याने १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला होता. बदल्यात आले सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसल, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. पाद्रेसनी विकत काय घेतलं? २०२२ चे शेवटचे दोन महिने, २०२३ पूर्ण, २०२४ पूर्ण. म्हणजे पोस्टसीझनच्या (विजेतेपदासाठीच्या बाद फेरीच्या) तीन संधी. नॅशनल्सनी काय घेतलं? एब्रम्स आणि गोर नुकतेच मेजर लीगमध्ये आलेले, म्हणजे त्यांची जवळजवळ सगळी स्वस्त वर्षं शिल्लक. वुड तेव्हा १९ वर्षांचा, खालच्या सिंगल-एमध्ये (मायनर लीगच्या पायऱ्या चढत्या क्रमाने: सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए). त्याचं मेजर लीगचं घड्याळ थेट जुलै २०२४ मध्ये सुरू झालं.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाद्रेसनी तोच सोटो, सोबत ट्रेंट ग्रिशम, न्यू यॉर्क यांकीजना दिला आणि मिळाले चार पिचर (चेंडू टाकणारे) आणि एक कॅचर (तो झेलणारा). त्या चौघांतल्या मायकल किंगने २०२४ मध्ये २.९५ च्या ईआरएने (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, कमी तितकं चांगलं) सीझन काढला, त्यामुळे सौदा वाईट म्हणता येणार नाही. तरी २०२२ च्या मानाने हा ढीग लहानच होता. सोटो तोच, वय २५, बॅट जोरात. भाव उतरला तो वर्षं उतरली म्हणून: अडीचाचं एक झालं, आणि त्या एका वर्षाचा पगार ३ कोटी १० लाख डॉलरवर गेला. 'याच माणसाला तेव्हा एवढं दिलं, मग आता एवढंच का?' असं कुणी विचारलं तर हे त्याचं उत्तर. यांकीज त्या एका वर्षात वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोचले, तिथे डॉजर्सकडून हरले, आणि सोटो १५ वर्षांच्या ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेला.

आता नेहमीची चूक. बरेच जण पाच वर्षांनी दोन्ही बाजूंचा वॉर (खेळाडूमुळे टीमला किती जादा विजय मिळाले त्याचा अंदाज) जोडतात आणि मोठी बेरीज ज्याची त्याला विजेता ठरवतात. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉईट टायगर्सनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि दिला जॉन स्मोल्ट्झ. स्मोल्ट्झ पुढे २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) करून २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणून हा ट्रेड डेट्रॉईटचं खुळेपण म्हणून सांगितला जातो. पण अलेक्झांडर तिथे ९-० गेला (नऊ विजय, पराभव एकही नाही), ईआरए १.५३, आणि टायगर्सनी डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली ती अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने. स्मोल्ट्झ त्या दिवशी २० वर्षांचा होता आणि डबल-एमध्ये ४-१०, ईआरए ५.६८ असा खेळत होता. डेट्रॉईटने महाग किंमत मोजली, यात शंका नाही. फक्त त्यांनी जे विकत घेतलं ते त्यांना मिळालं, हेही हिशेबात धर. माझ्या मते अशा ट्रेडला 'दोघांनाही हवं ते मिळालं, एकाला जरा जास्तच' असं म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे.

दुसरी एक जागा फारसे लोक बघत नाहीत, ती म्हणजे ४० जणांचा रोस्टर, इतर टीमपासून सुरक्षित असलेली यादी. १८ किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्या खेळाडूला पाच सीझनांत, १९ किंवा जास्त वयात केलेल्याला चार सीझनांत या ४० मध्ये घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरी टीम त्याला १ लाख डॉलर भरून उचलू शकते. अट एवढीच की पुढचा सगळा सीझन त्याला मेजर लीगमध्ये खेळणाऱ्या २६ जणांत ठेवायचं. म्हणून नोव्हेंबरमध्ये ज्या टीमकडे पोरं भरपूर तिची जागेची ओढाताण होते आणि विचित्र दिसणारे ट्रेड होतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये टॅम्पा बे रेजनी क्रिस्टोफर सांचेझ नावाचा डावखुरा पिचर फिलाडेल्फियाला दिला आणि घेतला कर्टिस मीड, रूकी लीगमधला १९ वर्षांचा ऑस्ट्रेलियन. मीडला पुढची काही वर्षं ४० मध्ये घ्यायची गरज नव्हती, सांचेझला लगेच होती. सांचेझ २०२५ च्या साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मतदानात नॅशनल लीगमध्ये दुसरा आला. आज बघणारा कपाळावर हात मारतो. त्या आठवड्यात मात्र रेजसाठी तो एका खुर्चीचा प्रश्न होता, आणि चूक शोधायचीच असेल तर त्यांनी दुसऱ्या कुणाला उठवायला हवं होतं, एवढीच शोधता येईल.

डेटाकडे वळतो, कारण तुझ्या पत्रात त्याचाच धाक जास्त दिसतो.

पहिली गोष्ट नमुन्याची. खरोखर .२५० चा असलेला, म्हणजे चार अॅट-बॅटमागे (बॅटिंगच्या पाळ्यांमागे) एक हिट मारणारा बॅटर १०० अॅट-बॅटमध्ये निव्वळ नशिबाच्या हेलकाव्याने साधारण .२०७ ते .२९३ मध्ये कुठेही सापडतो, आणि दर तीनपैकी एकदा त्याच्याही बाहेर. वर्गमूळ काढून स्वतः पडताळ: .२५ गुणिले .७५, भागिले १००. ५०० अॅट-बॅट झाले तरी दोन्ही बाजूंना १९ पॉइंटचा, म्हणजे .०१९ चा, झोल राहतोच. त्यामुळे मे महिन्यात कुणी अॅव्हरेज दाखवून खेळाडू विकायला निघाला तर तू स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण बघ. ते ६० च्या आसपास प्लेट अपिअरन्समध्येच (वॉक धरून बॅटिंगच्या सगळ्या पाळ्यांत) काहीतरी सांगायला लागतं, वॉकचं (चार बॉल पडून फुकट मिळणाऱ्या बेसचं) १२० च्या आसपास. खेळात पडलेल्या चेंडूंवरची अॅव्हरेज, म्हणजे बॅबिप, शेकड्यांनी चेंडू पडले तरी डळमळीत असते. ती लीगभर .३०० च्या जवळ घुटमळते, कुणाची .३८० दिसली तर आधी 'खाली येईल' असं धर, मग त्याचे पाय किती वेगवान आहेत ते बघ.

२०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा आहे, म्हणून बॅटवरून चेंडू किती वेगाने आणि कोणत्या कोनात सुटला ते कळतं. ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त म्हणजे हार्ड हिट. या दोन आकड्यांवरून 'अपेक्षित' निकाल काढतात, आणि इथे नवशिके घसरतात. त्या अपेक्षित आकड्यात चेंडू कोणत्या दिशेला गेला ते धरलेलंच नसतं. आयझॅक पारेडेस हे नाव लक्षात ठेव. तो चेंडू फार जोरात मारत नाही, पण उंच आणि डाव्या रेषेला चिकटून मारतो. २०२३ मध्ये टॅम्पाकडून त्याने ३१ होम रन मारले. अपेक्षित आकडे सतत सांगत होते की हे खोटं आहे. जुलै २०२४ मध्ये तो कब्सकडे गेला आणि होम रन आटले. कब्सच्या रिग्ली फील्डमध्ये डाव्या रेषेवर भिंत ३५५ फुटांवर आहे. त्याच डिसेंबरात काइल टकर कब्सकडे आला त्या ट्रेडमध्ये तो ह्यूस्टनला गेला, तिथे तीच भिंत ३१५ फुटांवर. ह्यूस्टनने बॅटर आणि भिंत एकत्र मोजली. टकरचं एकच वर्ष उरलं होतं, हेही ओघाने आलंच.

खेळाडू घडवणं याला डेटाशी जोडणारं उत्तम उदाहरण गेरिट कोलचं. पिट्सबर्गमध्ये २०१७ साली त्याचा ईआरए ४.२६, २०३ इनिंगमध्ये १९६ स्ट्राइकआउट, ३१ होम रन खाल्लेले. जानेवारी २०१८ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी तो घेतला. पिट्सबर्गची शिकवण होती सिंकर (शेवटी खाली झुकणारा फास्टबॉल) खाली टाक आणि ग्राउंड बॉल (जमिनीलगतचा फटका) काढ. पण तोवर बॅटर खालून वर स्विंग करायला लागले होते, त्यामुळे खालचा चेंडू त्यांच्या बॅटच्या वाटेवरच येत होता. ह्यूस्टनमध्ये त्याने सिंकर जवळजवळ सोडला, फोर-सीम (सरळ जाणारा) फास्टबॉल स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेला ठेवला आणि ब्रेकिंग बॉल (वळणारे चेंडू) वाढवले. फोर-सीमला बॅकस्पिन भरपूर असला की तो डोळ्याला वाटतो त्यापेक्षा कमी खाली येतो. वर जाणारी बॅट त्याच्या खालून निघून जाते. २०१८ मध्ये ईआरए २.८८ आणि २७६ स्ट्राइकआउट, २०१९ मध्ये २.५० आणि ३२६. खांदा तोच, फक्त चेंडूंची निवड आणि जागा बदलली. म्हणून पिचरचा ट्रेड आला की ईआरए बाजूला ठेव आणि विचार: याचा सगळ्यात चांगला चेंडू कोणता, आणि तो शंभरात किती वेळा टाकतो? चांगला चेंडू क्वचित टाकणारा पिचर दुसऱ्या टीमला दिसला की त्याच्यासाठी फोन जातो. एक सावधगिरी: जून २०२१ मध्ये पिचर चेंडूला लावत त्या चिकट पदार्थांवर तपासणी कडक झाली आणि लीगभर स्पिन उतरला. त्याआधीचे आणि नंतरचे स्पिनचे आकडे शेजारी ठेवून वाद घालू नकोस.

मायनर लीगच्या आकड्यांत वय आणि पायरी आधी वाच, बाकी नंतर. डबल-एमध्ये .२६० मारणारा २० वर्षांचा पोरगा तिथेच .३१० मारणाऱ्या २५ वर्षांच्यापेक्षा बहुधा मोलाचा. डबल-ए हाच खरा उंबरठा, कारण तिथल्या पिचरला बॉल वाढून मागे पडल्यावरही ब्रेकिंग बॉल स्ट्राइकमध्ये टाकता येतो. आल्बुकर्कीसारख्या उंचावरच्या ट्रिपल-ए मैदानावरचे होम रन थोडे कापूनच मोज. स्काउटच्या २० ते ८० च्या मोजपट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, तेव्हा '५० चा आहे' हे ऐकून नाक मुरडू नकोस. बहुतेक प्रॉस्पेक्ट (मायनरमधली होतकरू पोरं) तिथवर पोचतच नाहीत. आपल्या टीमच्या पोरांवर जीव जडतो आणि त्यांची किंमत मनात दुप्पट होते, हा सगळ्यांचाच रोग. त्यावर एक उतारा आहे: तोच खेळाडू समोरच्या टीमचा असता तर त्याच्यासाठी तू काय दिलं असतंस, ते लिहून बघ.

आणि काही गोष्टी आपल्याला दिसतच नाहीत: खांद्याचा एमआरआय, मालकाने आखलेली पगाराची रेषा, नकाराचा हक्क वापरून खेळाडूने बंद केलेली दारं. ट्रेड अगदीच अनाकलनीय वाटला तर 'जीएम (टीमचा जनरल मॅनेजर) मूर्ख आहे' याच्या आधी या तिघांना जागा दे.

ट्रेडची डेडलाइन तिकडे संध्याकाळी सहाला संपते, म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे साडेतीन. वहीत पान आदल्या दिवशीच आखून ठेव: नाव, वय, फ्री एजंट व्हायला उरलेली वर्षं, त्या वर्षांचा अंदाजे पगार, ऑप्शन किती शिल्लक, ४० मध्ये आहे की नाही. ऑप्शनचा रकाना विसरू नकोस. ऑप्शन वर्षं म्हणजे टीम खेळाडूला मोकळेपणी मायनरमध्ये पाठवू शकते ती; अशी तीन संपलेल्या खेळाडूला वेव्हरवर न ठेवता (इतर टीमना उचलायची संधी न देता) खाली पाठवता येत नाही, म्हणून तो बहुतेकदा पडेल भावात मिळतो. मग शेवटचा रकाना मोकळा ठेव आणि त्यात एका वाक्यात लिही की प्रत्येक टीमला कोणतं वर्ष जिंकायचं आहे. तारीख टाक. पुढच्या नोव्हेंबरात, ४० ची यादी लागेल तेव्हा, तेच पान उघड आणि खोडाखोड न करता शेजारी दुसऱ्या रंगाने लिही.

तुझ्या पहिल्या पानाचा फोटो पाठव. पगाराचा रकाना चुकलेला असणार, तो सगळ्यांचाच पहिल्यांदा चुकतो. आर्बिट्रेशनची वाढ लोक फार कमी धरतात.

तुझा,
काका