टायरच्या कारखान्याला टाळं: सर्टिफिकेटांचं नंतर बघू, आधी तारीख मोजा

दौंड तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. जुन्या टायरपासून तेल काढण्याचा कारखाना, दोघा भावांची भागीदारी. कारखाना चालवण्याच्या संमतीपत्राची मुदत ३१ डिसेंबरला संपली, नूतनीकरणाचा अर्ज फेब्रुवारीत गेला. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर गेलं नाही, कारण 'कन्सल्टंट बघतो म्हणाला'. जूनमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कारखाना बंद करण्याचा आदेश आला आणि महावितरणने वीज तोडली. त्यांचा प्रश्न मात्र ईपीआरचा, म्हणजे जुन्या टायरच्या विल्हेवाटीच्या टायर कंपन्यांवरच्या जबाबदारीचा आहे: पुनर्प्रक्रियेबद्दल पोर्टलवर जमा असलेली सर्टिफिकेटं टायर कंपनीला विकता येतील का? शेवटी राष्ट्रीय हरित लवादाबद्दल (एनजीटी) एक ओळ: 'एनजीटी पुण्यातच आहे, २१ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे, गणपती झाले की अपील टाकू.'

असा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही. शिरवळहून, चाकणहून याच वळणाची पत्रं येतात. म्हणून उत्तर तुम्हाला कळवून झालं असलं तरी इथेही देतो.

२१ सप्टेंबरपर्यंत वेळ नाही. तुम्ही नव्वद दिवस मोजले ते वीज तोडली त्या २३ जूनपासून. त्याआधी १३ जूनला वॉचमनने रजिस्टर पोस्ट सही करून घेतलं, हे तुम्हीच लिहिलंय. पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. आदेशाच्या ज्या पीडीएफची प्रिंट तुम्ही जोडलीत, तिच्या माथ्यावर कन्सल्टंटने फॉरवर्ड केलेल्या मेलचा मजकूर तसाच राहिलाय. मंडळाचा मूळ मेल ३ जूनचा. मंडळाच्या पोर्टलवर तुमच्या कारखान्याच्या नावापुढे ईमेल कुणाचा नोंदवलाय? कन्सल्टंटचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, तुम्ही स्वतः नेमून दिलेल्या पत्त्यावर मेल पोचला की तो तुम्हाला मिळाला. कन्सल्टंटने तो दहा दिवस उघडला नाही, हे तुमचं आणि त्याचं भांडण.

तेव्हा ३ जून धरा. राष्ट्रीय हरित लवाद कायदा २०१०, कलम १६: आदेश कळल्यापासून ३० दिवस, आणि उशिराचं पुरेसं कारण पटलं तर आणखी जास्तीत जास्त ६०. त्यापुढे एक दिवसही वाढवण्याचा अधिकार लवादाला नाही. पहिले तीस ३ जुलैला संपले. नव्वदावा दिवस १ सप्टेंबर, ऐन गणपतीत. १३ जूनची तारीख ग्राह्य धरा असा युक्तिवाद आपण करू, पण त्याच्या भरवशावर अपील थांबवायचं नाही. नव्वदावा दिवस सुटीचा आला तर पुढच्या दिवशी चालेल, असंही कुणी सांगेल. हरित लवादाच्या नव्हे, पण खासगी तंट्यांतल्या मध्यस्थांच्या (आर्बिट्रेशन) निवाड्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने अशा वाढीव मुदतीला सुटीची सवलत नाकारलेली आहे. कशाला ती परीक्षा द्यायची?

मधल्या काळात तुम्ही मंडळाला तीन निवेदनं दिलीत. प्रत्येकावर 'आवक'चा शिक्का आहे आणि तो शिक्का बघून तुम्हाला बरं वाटलेलं दिसतंय. निवेदनाने मुदत थांबत नाही. 'साहेब पुढच्या आठवड्यात सुनावणी लावतो म्हणाले' यानेही नाही. उशीर माफ करण्याच्या अर्जात तुमचा प्रामाणिकपणा दाखवायला ती निवेदनं जोडू, त्यांचा उपयोग तेवढाच.

आता दुसरी मेख. आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात कारखाना बंद करण्याचा अधिकार देणारी दोन कलमं आहेत: जल अधिनियमाचं ३३अ आणि हवा अधिनियमाचं ३१अ. ३३अ विरुद्धचं अपील थेट लवादाकडे जातं. ३१अ विरुद्धचं तसं जात नाही. ते आधी हवा अधिनियमाच्या कलम ३१ खाली राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणापुढे न्यावं लागतं, आणि तिथल्या निर्णयाविरुद्ध मग लवाद. स्टरलाइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. तिथेही मुदत तीसच दिवसांची, पण पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करायला वरची मर्यादा घातलेली नाही. म्हणजे एकाच कागदाविरुद्ध दोन अपिलं, दोन ठिकाणी, आणि १ सप्टेंबरच्या आधी दोन्ही. फक्त पुण्यात दाखल केलंत आणि जिंकलात, तरी हवेच्या कलमाखाली टाळं तसंच राहील. तुमच्या धंद्यात तर मुख्य तक्रार हवेचीच.

मुदत घालवून मग उच्च न्यायालयात रिट टाकू, हा मनसुबाही सोडा. ग्लॅक्सो स्मिथक्लाइन प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वाटेला जवळजवळ कुंपणच घातलंय.

मंडळाची तक्रार खरी की खोटी, यावर मी आज फार बोलणार नाही. ग्रामपंचायतीने जोडलेले फोटो वाईट आहेत: उसाच्या पानांवर काळी पूड, बोट फिरवलेली रेघ स्पष्ट दिसते. रिअ‍ॅक्टर पुरता थंड व्हायच्या आत दार उघडून कार्बन बाहेर ओढला की हेच होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यपद्धतीत स्वयंचलित पद्धतीवर भर आहे तो यासाठीच. लवाद विचारेल, 'बदल काय करणार?' तेव्हा यंत्रसामग्रीचं कोटेशन आणि वेळापत्रक हातात हवं. प्रदूषणाबद्दल मंडळ लावेल त्या नुकसानभरपाईच्या आकड्याचं आत्ता सांगता येत नाही. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात उल्लंघनाचे दिवस हा एक गुणक असतो आणि तुम्ही जानेवारीपासून विनासंमती कारखाना चालवलात. ४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना भरपाई लावण्याचा अधिकार आहे, पण त्याची पद्धत नियमांत आधी ठरवावी लागेल, असं म्हटलंय. त्यावर थोडी जागा मिळू शकेल.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. धोकादायक कचऱ्याच्या नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने घातलेल्या अनुसूची ९ खाली टायर कंपन्यांची जबाबदारी ३५, मग ७० आणि पुढे १०० टक्क्यांवर गेली, त्यामुळे गिऱ्हाईक आहे हे खरं. डिसेंबरपर्यंतच्या मालावरची सर्टिफिकेटं बहुधा टिकावीत. ती ज्या आर्थिक वर्षात तयार झाली त्याच्या अखेरीपासून दोन वर्षं चालतात, म्हणजे घाई नाही. जानेवारी ते मे मधली विकू नका. संमती नसताना केलेलं उत्पादन पोर्टलवर भरलंय, आणि खोटी माहिती ठरली तर नोंदणीच जाईल.

आणखी एक. पत्रात जाता जाता लिहिलंय की काही गाठोडी 'बंदरावरचा माल' होती. पायरोलिसिससाठी, म्हणजे तापवून तेल काढण्यासाठी, टायर आयात करायलाच बंदी आहे. ती बिलं मला दाखवल्याशिवाय कुठल्याही प्रतिज्ञापत्रात खरेदीबद्दल एक अक्षर लिहू नका.

उद्या सकाळी कन्सल्टंटकडून पोर्टलचा पासवर्ड घ्या आणि ईमेल बदला. त्याच्या मेलची नुसती प्रिंट नको, मूळ मेलच हवा. धाकटे बंधू मस्कतला आहेत म्हणता, तर त्यांचं अधिकारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यायला वेळ लागतो. त्यांना आज रात्रीच फोन करा.