पहिलारू कालवडीला चॅम्पियन वळूची कांडी भरावी का?

तुमचा प्रश्न असा, की सिन्नरजवळ तुमची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित कालवड आहे, आता पहिल्यांदाच भरवायची आहे आणि पुढे प्रदर्शनात उतरवता येईल असं वासरू हवंय. कृत्रिम रेतन करणारा मोबाईलवर एका चॅम्पियन वळूचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "दादा, वासरू पडेल ते दणदणीत पडेल." ही कांडी, म्हणजे त्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, भरावी का?

या वेताला नको. दुसऱ्या-तिसऱ्या वेताला हीच कांडी खुशाल भरा. मी पहिल्याच वेताला भरली होती, म्हणून सांगतोय.

आमचा गोठा निफाड तालुक्यात, लहानमोठी चौदा जनावरं. डिसेंबरातली पहाट होती. पाणमोट फुटून दोन तास झाले होते, दोन खूर बाहेर दिसत होते आणि पुढे काही सरकत नव्हतं. खूर बघूनच पोटात गोळा आला, चहाच्या कपाएवढे जाड. डॉक्टर पोचेपर्यंत वासराचा जीव गेला होता. ओढून काढला तो गोऱ्हा. कांद्याच्या गोण्या तोलायच्या काट्यावर ठेवला, ४३ किलो. कालवडीचे मागचे दोन्ही पाय फाकले, कारण मोठं वासरू अडून बसलं की कमरेतल्या नसा दबतात. पाच दिवस आम्ही तिला गोणपाटावर या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होतो. सहाव्या दिवशी उठली, पण ते वेत वायाच गेलं.

चूक कांडीची कमी आणि माझी जास्त. कालवडीचं वजन मी कधी मोजलंच नव्हतं. तुम्ही आजच मोजा, टेप पुरे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की अंदाजे किलो. घेर ६० आणि लांबी ५० भरली तर साधारण २७३ किलो. संकरित कालवड अडीचशेच्या खाली असेल तर माज कितीही छान दाखवू दे, सोडून द्या. वासरू साधारण आईच्या वजनाच्या सात टक्क्यांच्या आसपास असतं, त्याच्या फार वर गेलं की पहिलारूला जड जातं.

आता वळू. फोटोवरून त्याची पाठ, पाय, रुबाब कळतो, त्याची वासरं किती किलोची पडतात ते कळत नाही. आयात कांडीच्या कॅटलॉगमध्ये त्यासाठी वेगळा आकडा असतो. अमेरिकन होल्स्टिनमध्ये 'सायर काव्हिंग ईज' म्हणजे पहिलारूंच्या बाळंतपणात शंभरात किती अवघड जातील याचा अंदाज, तो जितका कमी तितका चांगला. मांसाच्या अँगस जातीत मात्र उलटं, तिथे मदतीशिवाय व्यायचं प्रमाण मोजतात, म्हणून आकडा जितका जास्त तितका चांगला. हे दोन्ही एकच समजून कांडी घेणारे मी पाहिलेत. जन्मवजन बापाकडून बऱ्यापैकी उतरतं. सुखरूप विण्याचा गुण त्या मानाने कमी उतरतो, त्यात आईची कमर, गर्भाची ठेवण, वासरू नर की मादी असं बरंच काही मिसळलेलं असतं. म्हणून आकडा त्या वळूच्या किती वासरांच्या जन्मावरून काढलाय, म्हणजे किती भरवशाचा आहे, हेही विचारा. रेतन करणाऱ्याला हे सांगता येत नसेल तर कांडीवर छापलेला वळूचा नंबर टिपून घ्या.

इथे आपल्याकडचे बरेच जण फसतात: "एचएफ नको, गीर भरतो, गीरचं वासरू लहान असतं." गीर गाईच्या पोटचं गीर वासरू लहान असतं, हे खरं. पण अमेरिकेतला ब्रह्मन वळू, जो आपल्याच गीर, काँक्रेज, ओंगोल रक्तातून घडलाय, तो एचएफसारख्या युरोपियन गाईला दाखवला की वासरं, विशेषतः गोऱ्हे, फार जड पडतात आणि दिवसही जास्त घेतात. उलट युरोपियन वळू देशी गाईला दाखवला की वासरू हलकं राहतं, देशी आई पोटातच वाढीला लगाम घालते. म्हणून गीर म्हणजे आपोआप सुरक्षित, असं धरून चालू नका.

सेक्स्ड कांडी, म्हणजे जिच्यातून बहुतेक मादी वासरूच होतं ती, मिळत असेल तर मी तिचे जास्तीचे पैसे पहिलारूसाठी जरूर देईन. मादी वासरू नरापेक्षा दोनेक किलो हलकं असतं, आणि तुम्हालाही प्रदर्शनाला कालवडच हवी असेल.

राहिला दणदणीत वासराचा मुद्दा. परीक्षक वासरू पडलं त्या दिवशीचं वजन विचारत नाही. तो वयोगटाप्रमाणे उंची, चाल, पाठ, पाय, पुढे कास बघतो. पाच किलो हलकं पडलेलं वासरू रोज अर्धा किलो वाढलं तर दहा दिवसांत जड वासराच्या जन्मवजनाला पोचतं. त्यासाठी पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा, पोटभर. तरी हलक्याच्या मागे सरसकट लागू नका. पिढ्यान्‌पिढ्या फक्त हलकं जन्मवजन बघितलं तर कालवडीही बारीक कमरेच्या निघतात आणि पुढे त्याच अडतात.

शेवटच्या दोन महिन्यांत वासरू लहान राहावं म्हणून खुराक तोडणं हा आमच्या गावातला जुना उद्योग. वासरू फारसं घटत नाही, आई मात्र खचते. उलट चरबीही चढवू नका, ती जन्ममार्गातच साचते.

विताना दोन्ही पुढचे पाय, तळवे खाली, त्यावर नाक, असं दिसलं तर थांबा. तासभर जोर देऊनही पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. ओढायची वेळ आलीच तर तिच्या कळेबरोबर, आधी एक पाय मग दुसरा, आणि डोकं बाहेर आलं की खालच्या दिशेने. ट्रॅक्टरला दोर बांधलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, त्या गाईबद्दल विचारू नका.

घेर आणि लांबी मोजून इथे लिहा, सोबत कांडीवरचा नंबरही. वळू आयात असेल तर कॅटलॉगमध्ये शोधून त्याचा आकडा सांगतो.