पावसाळ्यात कुत्र्याला पुन्हा पुन्हा गोचीड का होतात?
कारण कुत्र्याच्या अंगावर थोडे आणि घरात कितीतरी जास्त असतात. आमचं डिचोलीचं घर चिऱ्यांचं. पडवीच्या भिंतीवर टॉर्च मारला तर फटीफटीत मोहरीएवढे गोचीड. एक मादी हजारांवर अंडी घालते, नुसत्या आंघोळीने काय होणार? डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोळी घ्या आणि त्याच आठवड्यात फटी सिमेंटने बुजवा. रोज कानांत, बोटांच्या बेचक्यांत चाचपून बघा. सापडला की चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा. रॉकेल मात्र लावू नका (आमच्या शेजारच्या काकांचा लाडका उपाय!). जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, तर गोचीडतापाची शंका धरून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, प्लेटलेटसकट.