व्हिप : माणूस की कागद?

प्रश्न असा आलाय की पेपरात एक दिवस 'अमक्याची प्रतोदपदी निवड' छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी 'नगरसेवकांना व्हिप बजावला', मग व्हिप म्हणजे माणूस की कागद, आणि हे प्रतोद काय प्रकरण आहे?

सभागृहात पक्षाच्या सदस्यांना एकत्र ठेवणारा माणूस आणि तिथं कसं मत द्यायचं हे सांगणारा पक्षाचा आदेश, इंग्रजीत दोन्हीला व्हिपच म्हणतात. शिकारीत कुत्र्यांना पांगू न देणाऱ्या माणसावरून तो शब्द तिकडच्या संसदेत गेला. आपला प्रतोद संस्कृतातला, तुद् म्हणजे टोचणे, म्हणजे आपल्या सोलापूर भागात औताच्या बैलाला टोचायची पराणी असते ना, तेच. पण मराठीत आदेशाला पक्षादेश असा सरळ शब्द आहे, तेव्हा माणूस तो प्रतोद आणि कागद तो पक्षादेश, एवढं तरी पाळायलाच पाहिजे असं मला फार वाटतं.

कारण सगळी भानगड तिथंच होते. 1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीने घटनेत आमदार-खासदारांसाठी पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, त्यात व्हिप हा शब्दच नाहीये. तिथं म्हटलंय की पक्षाने किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाने दिलेला आदेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने 15 दिवसात माफ केलं नाही, तर सदस्यत्व जातं. म्हणजे आधी बघायचं की माणूस कुणी नेमला, मग त्याच्या कागदाला किंमत. शिवसेनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 11 मे 2023 ला हेच सांगितलं, प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचा गट नाही, आणि विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या भरत गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच ठेवला आणि जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असं ठरवून गोगावलेच प्रतोद म्हणून वैध धरले. कायद्याचा अर्थ कोर्ट लावतं पण तो लागू करायची खुर्ची राजकीय माणसाकडे, हे मला घटनेतलं खरंच दुखणं वाटतं.

नगरसेवकांना दहावं परिशिष्ट लागत नाही बरं का, त्यांच्यासाठी राज्याचा 1986 चा तसाच पण वेगळा कायदा आहे. त्यामुळे महापौर निवडीच्या वेळी नगरसेवक घरी सापडला नाही की दारावर कागद चिकटवून फोटो काढतात, ते पक्षादेश पोचवल्याचा पुरावा म्हणून. तिथं 'दारावर पक्षादेश चिकटवला' असंच लिहा, 'प्रतोद चिकटवला' असं लिहिलं तर माणूसच दाराला चिकटवल्यासारखं होतं.