देव नाही याचा पुरावा नास्तिकांकडे तरी कुठे आहे? मग अज्ञेयवादी असणं, म्हणजे "देव आहे की नाही हे माहीत नाही" असं म्हणणं, जास्त प्रामाणिक नाही का?

कुठल्या देवाबद्दल विचारताय त्यावर माझं उत्तर बदलतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पावसाळा लागला की तापाचे पेशंट वाढतात आणि मलेरियाची स्लाइड बघताना मायक्रोस्कोपखाली निदान १०० फील्ड (एका वेळी भिंगातून दिसणारा स्लाइडचा भाग) बघितल्याशिवाय निगेटिव्ह द्यायचं नाही असा नियम आहे, आणि तेव्हाही रिपोर्टवर "मलेरिया नाही" असं नाही, "पॅरासाइट दिसले नाहीत" असं जातं. ताप हटला नाही तर डॉक्टर परत स्लाइड मागवतात. पण दोन-तीनदा नीट बघूनही काहीच सापडलं नाही तर ते डेंग्यू, टायफॉइडकडे वळतातच ना. म्हणजे न सापडणं हाही पुरावा असतो, अट एवढीच की ती गोष्ट असती तर सापडायला हवी होती आणि शोधणाऱ्याने नीट शोधलेलं हवं.

आता नवसाला पावणारा, प्रार्थना ऐकून आजारी माणसाला बरं करणारा देव घ्या. तो असेल तर फरक दिसायला हवा. अमेरिकेत हे खरंच तपासलं गेलं, बायपास झालेले १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं, निकाल २००६ साली छापून आला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही त्रास झाला, ज्यांच्यासाठी नाही केली त्यांच्यात ५१ टक्क्यांना (या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नव्हतं), आणि ज्यांना "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार" असं सांगून प्रार्थना केली त्यांच्यात ५९ टक्के. प्रार्थना करणारे ख्रिश्चन होते, आपल्या देवांचं काय असं कोणी म्हणेल, ठीक आहे, मग आपल्याकडचं बघू. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांसमोर रांगा लागल्या होत्या, शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तर तेच दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळताना दिसलं. पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीचा परिणाम. जिथे तपासता येतं तिथे तपासल्यावर हाती काही लागत नाही, आणि म्हणून या देवाबद्दल मी सरळ नास्तिक आहे, "काय माहीत, असेलही" असं म्हणत नाही.

दुसरा देव म्हणजे निर्गुण निराकार, विश्व सुरू करून दिलं आणि नंतर कशातच पडत नाही असा. याची टेस्ट काय करणार? इथे मी अज्ञेयवादी. थॉमस हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये या भूमिकेला इंग्रजीत नाव दिलं पण विचार आपल्याकडे फार जुना आहे, ऋग्वेदातलं नासदीय सूक्त शेवटी म्हणतं की वर बसून बघणाऱ्याला सृष्टीचं मूळ माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत तर ईश्वर सिद्ध होत नाही असं स्पष्ट आहे. त्याउलट न्याय या तर्कावर भर देणाऱ्या दर्शनातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात ईश्वर आहे हे सिद्ध करायला एकामागून एक युक्तिवाद दिलेत, त्यातला मुख्य असा की घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे त्याचा कर्ता आहे. मला तो पटत नाही कारण कुंभाराला घडा करताना आपण बघितलंय, विश्व तयार होताना कोणी बघितलंय? पण वाद घालायची ती पद्धत मला मनापासून आवडते, दावा केला तर त्यासाठी युक्तिवादही त्यांनी स्वतःच मांडले.

तर प्रामाणिकपणाचं म्हणाल तर दोन्ही एकत्र असू शकतं. देव आहे हे माहीत आहे का, याला माझं उत्तर "नाही", आणि देव मानता का, यालाही "नाही"च.

राहिला "अनुभव". बायोप्सी क्लिअर आली की लोक लॅबमध्ये पेढे घेऊन येतात, देवाने वाचवलं म्हणतात, त्यांचा आनंद खरा असतो आणि मीही पेढा घेते. पण त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या हातात कॅन्सरचा रिपोर्ट द्यायचा असतो आणि त्या घरातही सोळा सोमवार झालेले असतात. त्यांची भक्ती कमी पडली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि पहिल्याचा पुरावा धरायचा तर दुसऱ्याचाही धरायलाच हवा.

माझं मत बदलू शकतं का? हो. प्रार्थनेने एखाद्याचा कापलेला पाय परत आला, आधीचे-नंतरचे एक्स-रे आहेत, आणि वेगळ्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, असं काही समोर आलं तर मी हे उत्तर एडिट करेन.